शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत मार्क वळताना ‘रूम’ म्हणून ओरडल्याने हक्क मिळतो का?

मिरामारकर: मार्क (शर्यतीचा मार्ग दाखवणारी तरंगती खूण) वळताना जी होडी आतल्या बाजूस असेल तिला वाट द्यायची, इतका साधा नियम रविवारच्या शर्यतीत पाळला गेला नाही. मी ‘रूम’ (वळायला जागा द्या) म्हणून दोनदा ओरडलो, तरी बाहेरच्याने जागा दिली नाही. दोनापावलाच्या पाण्यात आता शिस्त उरलेली नाही.

दर्यावर्दी: हे वाचून गप्प बसवेना. ओरडल्याने हक्क मिळतो असे शर्यतीच्या नियमांतल्या नियम १८ मध्ये कुठेही म्हटलेले नाही. मार्कभोवती होडीच्या लांबीच्या तिप्पट अंतराचा झोन असतो आणि दोहोंपैकी पहिली होडी त्यात शिरते त्या क्षणी ओव्हरलॅप (एक होडी दुसरीच्या पूर्णपणे मागे नसणे) होता की नव्हता, एवढेच पाहायचे असते. होता, तर बाहेरच्याने आतल्याला जागा द्यायची. नव्हता, तर मागून नाळ आत खुपसणाऱ्याला काहीही मिळत नाही. लेझर जातीच्या लहान होडीची लांबी ४.२३ मीटर, म्हणजे निकाल मार्कच्या जवळपास १३ मीटर आधीच लागलेला असतो. ओव्हरलॅप वेळेत जुळला की नाही याबद्दल रास्त शंका असेल, तर तो जुळला नाही असेच धरतात.

ऑप्टीवाल्याची आई: या ओरडण्याचा त्रास लहान मुलांना सर्वांत जास्त होतो. ऑप्टी ही मुलांची छोटी होडी चालवणारा माझा मुलगा झोनमध्ये स्पष्टपणे पुढे होता. मागच्याने ‘रूम, रूम’ असा धोशा लावताच त्याने घाबरून सुकाणू ढकलले आणि आतली जागा मोकळी करून दिली. नियमभंगाची तक्रार करताना सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा दाखवावा लागत नाही, लगेच ‘प्रोटेस्ट’ असे मोठ्याने सांगितले तरी पुरते, हे त्याला प्रशिक्षण देणाऱ्यांनी शिकवलेलेच नव्हते.

मिरामारकर: मी मुलांना घाबरवत नाही आणि ‘खुपसणारा’ हा शब्द मला मान्य नाही. दुपारी पश्चिमेचा वारा आणि झुआरीची ओहोटी एकत्र असताना खालचा (वारा जिकडे वाहतो त्या टोकाचा) मार्क वळून पाहा. वळणाऱ्या होडीला पाणी मार्कवरच लोटते. आतल्याला जादा जागा लागते ती त्यामुळे.

दर्यावर्दी: ओहोटीचा मुद्दा मान्य करावा लागेल. त्या वेळच्या परिस्थितीत, तत्परतेने आणि नाविकाला शोभेल अशा रीतीने वळायला लागेल तेवढी जागा, अशीच ‘रूम’ची व्याख्या असल्यामुळे पाण्याची ओढ तिच्यात येते. परंतु जागा किती, हा प्रश्न जागा मिळते का, हे ठरल्यानंतरचा आहे.

सुकाणू: वरच्या (वारा येतो त्या टोकाच्या) मार्कचे कोणीच बोलत नाही. वाऱ्यावर चढताना दोन होड्या विरुद्ध टॅकवर (एकीला वारा डावीकडून, दुसरीला उजवीकडून) असतील, तर त्यांच्यात नियम १८ लागूच होत नाही. पोर्टवाल्याने (डावीकडून वारा घेणाऱ्याने) स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. तिथेही ‘रूम’ मागणारे मी पाहिले आहेत.

ऑप्टीवाल्याची आई: मिरामारकर, तुमची खात्री होती, तर प्रोटेस्ट का दाखल केला नाही?

मिरामारकर: किनाऱ्यावर येईपर्यंत मुदत टळली होती. पुढच्या वेळी दाखल करीन, आणि शंकेचा फायदा समोरच्याला मिळतो हेही आता ध्यानात ठेवीन. परंतु झोनमध्ये शिरताना ओव्हरलॅप होता, यावर मी ठाम आहे.