समसंबंधाच्या प्रश्नांत दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

प्रश्न :
शाब्दिक तर्कक्षमतेच्या सराव चाचण्यांत माझे सर्वाधिक गुण समसंबंधाच्या प्रश्नांत जातात. दोन पर्याय सहज बाद होतात. घोटाळा होतो तो उरलेल्या दोनांत. काल ‘सुतार : लाकूड’ या जोडीसाठी ‘शिंपी : सुई’, ‘विणकर : कापड’, ‘कुंभार : माती’ आणि ‘गवंडी : थापी’ असे पर्याय होते. कारागीर आणि त्याच्या कामाची वस्तू हा संबंध धरून मी ‘विणकर : कापड’ निवडले; उत्तरसूचीत मात्र ‘कुंभार : माती’ आहे. अशा वेळी निवड कशी करावी?

उत्तर १ :
‘कामाची वस्तू’ म्हणजे कच्चा माल, हत्यार किंवा तयार माल यांपैकी काहीही होऊ शकते, त्यामुळे तुमच्या ढोबळ वर्णनात चारही जोड्या मावतात. पर्याय वाचण्याआधी मूळ जोडीचे क्रियापदासह वाक्य करावे : ‘सुतार लाकडापासून वस्तू घडवतो.’ शिंपी सुईपासून काही घडवत नाही, आणि विणकर तर सुतापासून कापडच घडवतो. वाक्यात दोन पर्याय बसले, तर वाक्य आणखी काटेकोर करावे.

उत्तर २ :
ही पद्धत चांगली आहे, पण पर्याय न पाहण्याचा नियम मला मान्य नाही. ‘कर : हात’ या जोडीत कर म्हणजे सरकारी कर असे धरून मी बराच वेळ अडून बसलो होतो, ‘नयन : डोळा’ हा पर्याय वाचला तेव्हा कुठे समानार्थी शब्दांची जोडी लक्षात आली. क्रमही पाहावा. ‘वासरू : गाय’ला ‘करडू : शेळी’ चालते, ‘घोडी : शिंगरू’ चालत नाही.

उत्तर ३ :
उत्तर ठरल्यावर जोड्या आडव्याही ताडून पाहाव्यात, म्हणजे पहिले पद तिसऱ्याशी आणि दुसरे चौथ्याशी. ‘झुळूक : वादळ :: ठिणगी : ?’ यात आगीबरोबर राख आठवते म्हणून अनेकजण ‘राख’ निवडतात. परंतु संबंध तीव्रतेचा आहे, आणि वादळाच्या तोडीचा शब्द ‘वणवा’ हाच आहे. तुमच्या प्रश्नात सुतार आणि विणकर दोघेही कारागीर असले, तरी लाकूड कच्चा माल आणि कापड तयार माल, ही विसंगती आडवे वाचताच उघडी पडली असती.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आता पुन्हा पाहताना एक गोष्ट दिसली : सुई आणि थापी ही दोन्ही हत्यारेच आहेत, म्हणजे ते दोन पर्याय एकाच संबंधाचे असल्यामुळे दोन्ही एकदम बरोबर ठरणे शक्यच नव्हते.