आठ चॅनेलच्या सेन्सरवर हळद ‘शुद्ध / भेसळ’ दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे

सर्किट_सांगली:
परवा एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक होतो. तीन प्रोजेक्ट जवळपास सारखेच, आठ रंगांचा प्रकाश वेगवेगळा मोजणारा एएस७३४१ सेन्सर (एक रंगपट्टा म्हणजे एक चॅनेल), तो चालवणारा ईएसपी३२ बोर्ड, वरती छोटा डिस्प्ले, समोर हळदीची वाटी धरली की ‘शुद्ध’ नाहीतर ‘भेसळ’. मुलांची मेहनत खरी होती पण निकाल खरा नव्हता. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि भेसळीचा कृत्रिम पिवळा रंग, मेटॅनिल यलो, तोही जवळपास तिथेच. सेन्सरकडे त्या भागात चॅनेल दोनच, ४१५ आणि ४४५, त्यातही प्रत्येकाची खिडकी बरीच रुंद. दोन पिवळे वेगळे करणार कशावरून? लोकं घरी जाऊन हाच डबा वापरायला लागली तर?

दिवटी_प्रयोग:
दादा, मी असहमत. सातवी-आठवीच्या मुलीने आठ वेगवेगळे रंग आकड्यात बघितले हेच मोठं आहे. आमच्या काळात प्रिझम आणि भिंतीवरचा पट्टा यापुढे गाडी जायची नाही. लाखाचा स्पेक्ट्रोमीटर तालुक्याच्या शाळेत कोण देणार?

सर्किट_सांगली:
ताई, सेन्सर वापरू नका असं मी कुठे म्हणालो, मी त्या एका शब्दाबद्दल बोलतोय. ‘भेसळ’ म्हणजे कुणातरी दुकानदारावर आरोप आहे.

रात्रपाळी_कोड:
तिन्ही प्रोजेक्टमध्ये बोर्डवरचाच पांढरा एलईडी लावला असणार, पैज. त्याचा निळा पीक ४५०च्या आसपास असतो आणि ४३०च्या खाली जवळजवळ अंधार, ४८०ला पण खड्डा. म्हणजे ४१५च्या चॅनेलला प्रकाशच पोचत नाही, तिथे येतो तो नॉईज, म्हणजे नुसते भरकटलेले आकडे, आणि हळदीसाठी सगळ्यात कामाचा चॅनेल तोच. आधी पांढऱ्या कागदावर रीडिंग घ्या, मग झाकण लावून अंधाराचं; अंधाराचं दोन्हीतून वजा करून हळदीचं रीडिंग कागदाच्या रीडिंगने भागा, तरच आकड्याला काही अर्थ.

दिवटी_प्रयोग:
हे पटलं. मग उन्हात घ्यायचं का?

रात्रपाळी_कोड:
उन्हात ४१५ला भरपूर मिळतं पण ढग आला की गेलं. या चिपमध्ये एडीसी, म्हणजे प्रकाशाचा आकडा करणारे भाग, सहाच आहेत त्यामुळे आठ रंग दोन फेऱ्यांत वाचले जातात, पहिल्या फेरीत ऊन आणि दुसऱ्या फेरीत सावली असं झालं तर अर्धा स्पेक्ट्रम एका प्रकाशाचा अर्धा दुसऱ्याचा. घरातल्या दिव्याखाली तर १०० हर्ट्झचा फ्लिकर (लुकलुकणं), म्हणून इंटिग्रेशन, म्हणजे एका रीडिंगसाठी प्रकाश गोळा करायचा वेळ, १० मिलिसेकंदाच्या पटीत ठेवा. चिपच्या सेटिंगमध्ये एटाइम २९ आणि एस्टेप ५९९ घातलं की ५० मिलिसेकंद होतात, पण तेव्हा रीडिंग १८००० लाच अडकतं, ६५५३५ ला नाही! मी स्वतः दोन दिवस सपाट ग्राफ बघत बसलो होतो कारण सॅच्युरेशन (प्रकाश जास्त होऊन आकडा अडकणं) चुकीच्या आकड्यावर शोधत होतो.

माळरान_मेकर:
एवढं कशाला, १८ चॅनेलचा एएस७२६५एक्स घ्या ना, ४१० ते ९४० पर्यंत आहे, प्रश्न संपला.

सर्किट_सांगली:
नाही संपत. त्यात त्या भागात ४१०, ४३५, ४६० असे तीन मिळतील, पण दोन्ही पिवळे तिथेच एकमेकांवर बसलेत. चॅनेल वाढवून केमिस्ट्री बदलत नाही.

दिवटी_प्रयोग:
मग केमिस्ट्रीच वापरा की! हायड्रोक्लोरिक ऍसिडची जुनी टेस्ट आहे, थेंब टाकले की गुलाबी रंग येतो, पाणी घातल्यावर गेला तर नुसती हळद, टिकला तर मेटॅनिल यलो. गुलाबी द्रावण हिरवा प्रकाश खातं, म्हणजे ५१५ आणि ५५५ चे चॅनेल पडायला हवेत. जे डोळ्याला ‘जरा गुलाबी वाटतंय’ ते पाणी घातल्यावर किती टिकलं हे मुलांना आकड्यात दाखवता येईल.

सर्किट_सांगली:
ही आयडिया माझ्या डोक्यात आली नव्हती. असा प्रोजेक्ट आला तर मी त्याला पूर्ण मार्क देईन, पण लेड क्रोमेट ही दुसरी पिवळी भेसळ यात सापडणार नाही हे पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि ऍसिड शिक्षकांच्याच हातात.

दिवटी_प्रयोग:
मान्य. पण डिस्प्लेवर शेवटी काहीतरी दाखवावं लागेलच ना, मुलांना नुसते आकडे कंटाळवाणे होतात.

रात्रपाळी_कोड:
आठ उभे बार दाखवा, पाणी घालण्याआधीचे आणि नंतरचे शेजारी शेजारी. आणि सेन्सरवर प्रकाश पसरवणारा पांढरा डिफ्युजर विसरू नका, फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की रंग सरकतो, द्रावणाची बाटली जरा हलली तरी बार नाचतील.