मदत हवी आहे: थेरपीच्या ग्रुपमध्ये सगळे मुलगे, मुलीला घालावं का?

नमस्कार मंडळी,

थोडं मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मला दोन मुलं. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी साडेआठची. मुलाला अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे ओडीडी (सतत चिडणं, वाद घालणं, मोठ्यांचं न ऐकणं असा वर्तनाचा विकार), असल्याचं लहानपणीच कळलं. वर्गात बाक ढकलायचा, बाईंना उलट बोलायचा, मैदानावर रोज मारामारी. शाळेनंच आम्हाला समुपदेशकांकडे पाठवलं. आम्हा दोघांना पालक प्रशिक्षण आणि त्याला ग्रुप, असं चाललं. राग चढायला लागला की अंगात काय होतं ते ओळखायचं, थांबायचं, मग दुसरा मार्ग शोधायचा, हे तो तिथे शिकला. खूप फरक पडला.

मुलीबद्दल शाळेची एकही तक्रार नाही. अक्षर सुरेख, बाईंची लाडकी. मध्यंतरी तिच्या मैत्रिणीनं दुसऱ्याच मुलीला शेजारी बसवलं, तर हिनं चिठ्ठी फिरवली: "तिच्याशी जी बोलेल तिच्याशी आपली कट्टी." ती मैत्रीण मधल्या सुट्टीत एकटी बसायला लागली, तेव्हा तिच्या आईचा मला फोन आला. विचारलं तर आमची लेक शांतपणे म्हणते, "मी कुठे काय केलं? मी तिला हातसुद्धा लावला नाही." घरी प्रत्येक गोष्टीला नकार, दार आपटणं, तासन् तास अबोला. दादानं रात्री जागून काढलेलं चित्र मधोमध फाडून परत फाइलमध्ये नीट ठेवून दिलं होतं. आणि झोपताना रडते, "मी वाईटच आहे" म्हणते.

आता तिचंही निदान ओडीडी आलंय आणि त्याच ग्रुपचा सल्ला मिळालाय. ग्रुपमध्ये सध्या सगळे मुलगे आहेत. नवऱ्याचं म्हणणं, एकाला गुण आला, दुसरीलाही येईल. माझं मन घेत नाही. मी जे वाचलं त्यात दिसलं, की अशा वर्तनावरच्या अभ्यासांत वर्षानुवर्षं मुलगेच जास्त होते. मैत्री तोडून, वाळीत टाकून दुखावणं हीसुद्धा आक्रमकता आहे आणि ती मुलींमध्ये जास्त दिसते, असं क्रिक आणि ग्रॉटपीटर या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलं. कॅनडातल्या टोरांटोमध्ये अशा वर्तनाच्या मुलांसाठी स्नॅप नावाचा कार्यक्रम 1985 पासून आहे, त्यांनी 1996 मध्ये मुलींसाठी वेगळी शाखा काढली. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांना ती गरज वाटली असेल, तर माझी शंका अगदीच निराधार नसावी ना?

कुणाच्या मुलीनं अशी थेरपी घेतली आहे का? काय विचारून घेऊ?

प्रतिसाद: चाफेकळी

ताई, मी मुलांसोबतच काम करते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पालक प्रशिक्षण डोळे झाकून सुरू करा. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी जे चक्र दाखवलं ते मुलगा-मुलगी बघत नाही: आपण काही सांगतो, मूल नाही म्हणतं, आपला आवाज चढतो, त्याचा त्याहून चढतो, शेवटी आपण नाद सोडतो. मुलाला कळतं की ताणलं की सुटका होते, आणि आपल्यालाही तेवढ्यापुरती शांतता मिळते. तुमच्या मुलीचा अबोला हे त्याच चक्राचं आवाज नसलेलं रूप आहे. तिनं तोंड फिरवलं की तुम्ही सांगितलेलं काम मागे घेता का, तेवढं बघा.

ग्रुपचं मात्र विचारूनच ठरवा. तिथे सराव कशाचा होणार? हात उगारण्याआधी थांबायचा असेल, तर तिला तो फारसा लागू नाही. तिला मत्सर वाटला की काय करायचं, मैत्रिणीला दुसरी मैत्रीण असू शकते हे कसं सोसायचं, दुखावलेल्या मुलीकडे परत कसं जायचं, याचा सराव हवा. एकट्या मुलीसमोर हे विषय ग्रुपमध्ये निघणं मला अवघड वाटतं.

"मी वाईटच आहे" हे सहज घेऊ नका. ओडीडीमधली सततची चिडचिड पुढे नैराश्याकडे जाऊ शकते, त्यामुळे मनःस्थितीची वेगळी तपासणी मागा. मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलली, तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लक्ष न लागण्याचीही तपासणी करून घ्या, सतत चुळबुळ न करणाऱ्या मुलींचं एडीएचडी (लक्ष टिकत नसल्याचा विकार) बऱ्याचदा निसटतं. आणि शाळेत सगळं ठीक आहे म्हणून निदानावर शंका घेऊ नका. ओडीडी फक्त घरातही दिसू शकतो. बाईंना "कशी वागते?" विचारलंत तर "छान" असंच उत्तर येईल. मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर असतं, कोण एकटं पडतं, ते विचारा.

प्रतिसाद: पायवाट

आमच्याकडे उलटं झालं. आमची लेक हातघाईवर येणारी. मुलगी म्हणून तिला मुलींच्याच ग्रुपमध्ये घातलं, तिथे सगळा वेळ मैत्री आणि भावनांवर बोलणं. तिला हवं होतं ते थांबायला शिकणं. शेवटी मुलग्यांबरोबरच ती रमली. त्यामुळे मुलगी आहे म्हणून वेगळं, असं सरसकट धरू नका. तुमच्या लेकीचं नेमकं वागणं लिहून न्या, त्या चिठ्ठीसकट, आणि यावर तुम्ही काय करणार असं थेट विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आज थेरपिस्टबाईंशी बोलले. ग्रुपमध्ये भर रागावर आणि मारामारीवरच असतो, हे त्यांनी मान्य केलं. आणखी एक-दोन मुली येईपर्यंत तिला एकटीला सेशन देतील, पालक प्रशिक्षण लगेच सुरू करतील आणि मनःस्थितीची तपासणीही करणार आहेत. चिठ्ठीची गोष्ट त्यांना माहीतच नव्हती, कारण शाळेकडून भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये तसं काही विचारलेलंच नव्हतं.

आता एकच विचारायचंय. त्या मैत्रिणीची समजूत काढायला हिला आत्ताच सांगावं, की थेरपिस्टबरोबर सराव होईपर्यंत थांबावं? ती मुलगी अजून एकटीच बसते, म्हणून जीव राहत नाही.