कारवार बंदराचा कारभार स्थानिक संस्थांकडे द्यावा का?

खानापूरकर :
बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही, तरीही हा प्रश्न आपला आहे. रेल्वे येण्यापूर्वी आपला माल आंबोली घाटाने वेंगुर्ल्याला उतरत असे आणि आजही परदेशी जाणाऱ्या मालाला घाटाखालचे बंदरच गाठावे लागते. कर्नाटकात नव मंगळूर हे एकच मोठे बंदर केंद्राच्या अखत्यारीत आहे. कारवार, बेलेकेरी, होन्नावर ही लहान बंदरे राज्याकडे आहेत. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत मत्स्यव्यवसाय आहे, बंदर नाही. बाराव्या अनुसूचीतील नगरपालिकांच्या १८ विषयांतही ते नाही. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये बंदराच्या विस्ताराविरुद्ध कारवारच्या मच्छीमारांना रस्त्यावर उतरण्यावाचून मार्ग उरला नाही. निर्णय दूर होतात तेव्हा इथल्या माणसाचे म्हणणे किती ऐकले जाते, हे सीमाभाग १९५६ पासून अनुभवतो आहे. म्हणून लहान बंदरे नगरपालिका आणि जिल्हा पंचायत यांच्या संयुक्त मंडळाकडे सोपवावीत, असे माझे ठाम मत आहे.

उद्यमबाग :
मी असहमत आहे. बेलेकेरी बंदरातून जप्त केलेले लोहखनिज २०१० साली परस्पर परदेशी गेले, हे आपण विसरू नये. खाणमालकांच्या पैशापुढे राज्याचा विभाग टिकला नाही, तिथे नगरपालिका कशी टिकेल? शिवाय कारवारच्या मतदारांना उत्तरदायी असलेले मंडळ आमच्या बेळगावच्या कारखान्यांतील ओतीव सुट्या भागांची काळजी कशासाठी करील? आमचे तिथे मतच नाही.

निपाणी :
बेलेकेरीचे उदाहरण उद्यमबाग यांच्याच मुद्द्याविरुद्ध जाते. तो कारभार राज्याचा होता, ग्रामपंचायतीचा नव्हता. ज्या गावाच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात, त्या गावाला ते किती गेले हे सर्वांत आधी कळते.

खानापूरकर :
उद्यमबाग यांचा मताधिकाराचा मुद्दा मला मान्य आहे. मूळ प्रस्तावात तो माझ्याकडून सुटला होता. मंडळात घाटमाथ्यावरील जिल्ह्यांना जागा असाव्यात, मात्र धक्क्याचा विस्तार आणि मच्छीमारांच्या होड्यांची जागा यांबाबतचा शेवटचा शब्द किनाऱ्याचाच असावा.

उद्यमबाग :
जागा मिळाल्या तरी पैशाचे काय? दर पावसाळ्यानंतर गाळ उपसावा लागतो आणि तो खर्च नगरपालिकेच्या घरपट्टीतून भागणारा नाही. तो राज्यानेच द्यायचा असेल, तर किल्ली राज्याकडेच राहील.