अनंतकाळावर नजर ठेवायची म्हणजे इथलं अंगाबाहेर टाकायचं का?

दिवटी:
"आपण इथे परके आणि प्रवासी." बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं हे वचन (२:११) उपासनेत वरचेवर ऐकतो. त्यातून जो अर्थ काढला जातो तो मात्र मला पटत नाही: सगळं सोडूनच जायचंय, तर नोकरी, समाज, शेजाऱ्यावरचा अन्याय यांत जीव कशाला गुंतवायचा? प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १५) अख्खा अध्याय पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांच्या पुन्हा उठण्यावर, लिहितो आणि ५८व्या ओवीत कुठे येऊन थांबतो? कामाला लागा, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. गाठोडं बांधून वाट बघत बसा, असं तो म्हणत नाही. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काही जण हातावर हात धरून बसले होते. ज्याला काम नको त्याने खाऊही नये, असं पौलाने त्यांना सरळ बजावलं (२ थेस्स. ३:१०).
अनंतकाळ मानणाऱ्याला आजचा दिवस जास्त जड वाटला पाहिजे. कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा.

कोरा कागद:
माझं वेगळं आहे. आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. रात्री दोनला उठून कूस बदलायची, पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग करायचं, ओली चादर तिच्याखालून न दुखवता ओढायची. मंडळीतले लोक भेटायला यायचे. "आपले संकट तात्पुरते व हलके" हे वचन वाचायचे, प्रार्थना करायचे आणि घड्याळ बघत उठायचे. एक रात्र मी थांबते, तुम्ही झोपा, असं कुणी म्हटलं नाही. अनंतकाळ हा हात झटकायला फार सोयीचा विषय आहे. त्यापेक्षा फक्त या आठवड्याचा विचार करणारा ख्रिस्ती माणूस मला चालेल.

साधा विश्वासी:
ताई, ते लोक चुकलेच. पण ते "हलके संकट"वालं वचन (२ करिंथ ४:१७) लिहिणारा पौल कोण होता तेही बघा. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात तो स्वतःचा हिशेब देतो: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं. एवढं सोसलेला माणूस स्वतःच्या दुःखाला हलकं म्हणतो. दुसऱ्याच्या पाठीवरच्या जखमेला हलकं म्हणायचा परवाना त्या वचनात कुठेच नाही.

उलटतपासणी:
मी श्रद्धावान नाही, पण इतिहास वाचतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची काटछाट केलेली आवृत्ती छापली गेली. इस्राएल लोकांची मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून सुटका झाल्याची कथा गाळली, "दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा" ठेवलं. इथे मुकाट राबा, वर सुख मिळेल! परलोकाच्या आशेचा असाही उपयोग होतो, हे तुम्ही मंडळी विसरता.

दिवटी:
विसरत नाही. पण मग कात्री का लावावी लागली? अख्खं पुस्तक माणसाला मुकाट बसवत असतं, तर आहे तसंच वाटलं असतं. आणि त्याच १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेला खासदार विल्बरफोर्स आपल्याला देवापुढे जाब द्यायचाय असं मानणारा होता. गुलामगिरीच संपवणारं विधेयक आता पार पडणार, हे त्याला जुलै १८३३ मध्ये, मरणाच्या तीन दिवस आधी कळलं.

उलटतपासणी:
मळ्यांचे मालकही रविवारी प्रार्थनेला बसत होतेच की. स्वर्ग तेही मानत होते. मग फरक अनंतकाळाने पडला असं कसं म्हणता?

दिवटी:
प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, ते बक्षीस तेवढं मानत होते, जाब नाही. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी विचारणा कशाची होते? भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. डाव्या बाजूचे, म्हणजे दोषी ठरलेले, चक्रावून म्हणतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे त्यांना आपण धडच आहोत असं वाटत होतं.

पेरणारा:
चर्चा समाजसेवेवर घसरली. पोट भरलं, बेड्या तुटल्या आणि माणूस तारणाविना, म्हणजे पापातून सुटका न होता मेला, तर काय मिळवलं? सगळं जग मिळवून जीव गमावला तर काय लाभ, हे प्रभूचे शब्द आहेत (मार्क ८:३६). माणसं रोज मरताहेत. ज्याला अनंतकाळ खरा वाटतो तो आधी सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगेल, बाकीचं मागून.

कोरा कागद:
भाऊ, माझ्या आईचं तारण झालेलं होतं. ड्रेसिंग तरीही रोज करावं लागायचं.

पेरणारा:
यावर माझ्याकडे उत्तर नाही, ताई. सुवार्ता आधी, हे मत मात्र बदलत नाही. आमच्या मंडळीत सुवार्तेला कोण कुठे जाणार याचा तक्ता लागतो. आजाऱ्याजवळ रात्री कोण बसणार याचा लागत नाही. तो कुणी लावायचा?

साधा विश्वासी:
ज्याने प्रश्न विचारला त्याने. पहिलं नाव स्वतःचं टाका, दुसरं माझं.