चिनी खेळाडूंची आडनावं: तुमच्या घरी काय म्हणायचे?

शेवंती: काल यूट्यूबवर सिंधूची टोकियोची ब्राँझची मॅच समोर आली (१ ऑगस्ट २०२१, २१-१३, २१-१५) आणि आमचा हॉल आठवला. समोरची बिंगजाव, आडनाव नुसतं एच-ई. बाबा म्हणत ‘ही’, दादा ‘हे’.
आजी : समोर कोण आहे रे?
दादा : हे.
आजी : अरे, हे म्हणजे कोण?
अख्खा गेम यातच गेला. तुमचे किस्से टाका.

खिडकीतली: 😂😂 आजींना नमस्कार सांगा.

नान्या: आमच्याकडे ताई त्झू यिंग. सिंधूसमोर टोकियोच्या सेमीला मी ओरडतोय “ताई, चूक कर ना!” आणि सख्खी ताई पोहे घेऊन दारात उभी.

मँडरिनवाली: नान्या, बरोबरच म्हणत होतास, ‘ताय’च. ती तैवानची, तिकडचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं. चीनच्या पिनयिनमध्ये (म्हणजे चिनी रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) तेच आडनाव डी-ए-आय लिहितात.
शेवंती, ते ‘ह’. बाराखडीतला पहिला, जरा लांबवून. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे श्वास सोडून म्हटलेला प. म्हणून ‘ह पिंगच्याव’. प-फ, त-थ वेगळे ऐकायची आपल्या कानांना सवय आहे, इंग्रजी कॉमेंट्रीवाल्यांची तिथेच पंचाईत होते.

खिडकीतली: म्हणजे आडनाव आधी?

मँडरिनवाली: हो. बास्केटबॉलवाल्या याओ मिंगमधलं याओ आडनाव.

बेसलाइन: टेनिसवाली झेंग चिनवेन, पॅरिस २०२४ चं गोल्ड. झेंग की जेंग?

मँडरिनवाली: चंग. च चिमणीतला, चाकातला नाही. जीभ थोडी मागे वळवून. कुकर झाला, येतेच.

सासवडकर: पॅरिसला त्याच बिंगजावने सिंधूला घरी पाठवलं, विसरलात? मी चिडलोच होतो. पण सेमीत समोरच्या स्पेनच्या मारिनचा गुडघा गेला आणि फायनल हरल्यावर बिंगजावने पोडियमवर हातात स्पेनची पिन धरली. तेव्हा राग गेला.

नान्या: +१. मी पण रडलो, ताईला सांगू नका.

क्षीरसागर_म्युनिक: माझं आडनाव बघा. मी या धाग्यावर गप्प बसतो.

खिडकीतली: तिकडे काय म्हणतात तुम्हाला?

क्षीरसागर_म्युनिक: हेर के. जर्मनमध्ये हेर म्हणजे श्री.

नान्या: हेर?! 😂 कुणाचा?

सासवडकर: बॅडमिंटनवाले आहातच तर सांगा, सोसायटीच्या कोर्टवर पिसाचं शटल परवडतं का? आमचं दोन दिवसांत झडतं.

बेसलाइन: वारा असेल तर नायलॉनचंच घ्या.