ऑइल पेंटचे ब्रश कडक झालेत, वाचतील का?

रावेरवाला: नमस्कार मंडळी, बहिणीचं लग्न म्हणून मे महिन्यात घराच्या दारं-खिडक्यांना ऑइल पेंट मारला, आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, तर रोज संध्याकाळी ब्रश थिनरच्या डब्यात उभे करून ठेवायचो आणि सकाळी पुन्हा काम चालू. आता दोन 3 इंचीचे केस एका बाजूला वाकलेत नि वरून, केस धरणाऱ्या पत्र्याजवळ, पार लाकूड झालंय. ते गेले तर जाऊ द्या, पण एक 1 इंची ब्रश वडिलांचा आहे, पोळ्याला बैलांची शिंगं त्यानेच रंगवायचे ते, तो पण मी त्याच डब्यात टाकला होता. त्याचं काही होईल का?

भुसावळ पेंटर: भो, 20 वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, ब्रश टोकाकडून मरत नाही, मुळाकडून मरतो. कलर पत्र्याच्या आत चढला नि तिथे सुकला की केस फाकतात, मग कितीही धू. म्हणून बुडवताना अर्ध्या केसांपर्यंतच बुडवायचा. आणि उभा ठेवला की सगळं वजन टोकावर येतं म्हणून वाकतो, डब्याच्या तोंडावर तार आडवी टाकून दांड्याच्या भोकातून लटकवायचा, टोक तळाला टेकलं नाही पाहिजे. ऑइल पेंटला टर्पेंटाइन वापर, एनसी थिनर म्हणजे लॅकरचा थिनर, तो जास्त तीव्र असतो, रात्रभर ठेवला तर केस ज्याने चिकटवलेले असतात तेच सैल पडतं. काम झालं की आधी ब्रश पेपरवर पुसून घे, मग टर्पेंटाइनमध्ये मुळापासून टोकाकडे दाबत चोळ, हातमोजे घालून, परत दुसऱ्या स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये, शेवटी भांड्याचा साबण तळहातावर घेऊन फेस पांढरा येईपर्यंत. पहिल्या डब्यातलं फेकू नको, झाकण लावून ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं निवळ परत चालतं. जेवायला जाताना ब्रश कॅरीबॅगमध्ये घट्ट गुंडाळून सावलीत ठेव, उन्हात अर्ध्या तासात साय धरते.

धुळ्याची चित्रकला ताई: दादांचं बरोबर आहे, माझी दोन वाक्यं. बरेच जण ब्रश मऊ राहावा म्हणून जवसाचं तेल लावतात, ते लावून ठेवू नका, जवसाचं तेल स्वतःच वाळून चिकट होतं, ऑइल पेंट त्यानेच तर सुकतो. लावायचंच तर थोडं खोबरेल, आणि वापरायच्या आधी साबणाने पूर्ण काढायचं नाहीतर कलर धरत नाही. आणि जवसाच्या तेलाची किंवा ऑइल पेंटची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका हो, आतल्या आत गरम होऊन पेट घेऊ शकतात, पसरून बाहेर वाळवा. मुलांच्या ॲक्रिलिकचे ब्रश तर लगेच साध्या पाण्याने धुवायचे, ते एकदा सुकले की पाण्याने निघत नाही.

रावेरवाला: आणि जो आधीच लाकूड झालाय त्याचं?

भुसावळ पेंटर: पेंट रिमूव्हर नाहीतर एनसी थिनर, फक्त केस बुडतील एवढं, तासाभरापुरतं, लटकवूनच. मग जुन्या फणीने मुळापासून टोकाकडे विंचर. हे बाहेर हवेत कर, आसपास बिडी-चूल काही नको, पेट्रोल तर अजिबात नको.

रावेरवाला: दादा, केलं. मोठ्यातला एक गेला, मुळातून केसच सुटले. पण वडिलांचा सुटला! विंचरताना पत्र्याजवळून आधी माझा पांढरा निघाला, मग निळ्या खपल्या, त्याच्या खाली लाल. निळा मागच्या पोळ्याचा, लाल तर मी शाळेत असतानाचा, आमच्या जुन्या जोडीच्या शिंगांना तोच होता. लाल पूर्ण निघाला नाही, थोडा मुळात राहिलाय, राहू दिला. केस मऊ झालेत, पेपरात गुंडाळून वर टांगून ठेवलाय.

भुसावळ पेंटर: राहू दे. पोळ्याला वापरून झाला की त्याच संध्याकाळी धू मात्र.